सायकल मार्गांचा खर्च: शहराने वाटा उचलावा का?

महापालिकेच्या अंदाजपत्रकाची चर्चा सुरू झाली, की सायकल मार्गांच्या तरतुदीवरून ठरावीक वाद झडतो. रस्त्यावर सायकली दिसतच नाहीत, मग त्यांच्यासाठी कोट्यवधी रुपये का खर्च करायचे, असे एक बाजू विचारते. मार्गच नाहीत, तर सायकली दिसणार कोठून, असा दुसऱ्या बाजूचा प्रतिप्रश्न असतो. दोघांनाही आपापले म्हणणे स्वयंसिद्ध वाटत असल्यामुळे चर्चा पुढे सरकत नाही. शेवटी काही रकमेची तरतूद होते, एखाद्या रस्त्याच्या कडेला फरशांचा पट्टा तयार होतो आणि दोन-तीन वर्षांत त्यावर वाहने उभी राहू लागतात. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याने हा अनुभव एकापेक्षा अधिक वेळा घेतला आहे. म्हणूनच शहराने सायकल मार्गांच्या खर्चात आपला वाटा उचलावा की नाही, हा प्रश्न समजून घेण्यास पुण्याचे उदाहरण उपयुक्त ठरते.

मुळात या एका प्रश्नात तीन निर्णय दडलेले असतात. पहिला बांधणीच्या पैशांचा, दुसरा रस्त्यावरील जागेचा आणि तिसरा बांधून झालेल्या मार्गाच्या देखभालीचा. सभागृहातील चर्चा बहुतांशी पहिल्या निर्णयाभोवती फिरते. वास्तविक तिन्हींपैकी तोच सर्वांत सोपा आहे. उरलेले दोन निर्णय टाळून केवळ पहिला घेतला, तर पैसा जातो आणि मार्गही राहत नाही.

निधीचे गणित

डिसेंबर २००५ मध्ये केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केले. पाठोपाठ २००६ मध्ये राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण आले. रस्त्यांचे नियोजन करताना वाहनांच्या ऐवजी माणसांच्या वाहतुकीचा विचार व्हावा, रस्त्यावरील जागेची वाटणीही त्याच न्यायाने व्हावी आणि पादचारी व सायकलस्वारांच्या सोयींना अर्थसाह्यात प्राधान्य मिळावे, ही त्या धोरणाची भूमिका होती. अभियानातून रस्त्यांसाठी निधी मागणाऱ्या शहरांना सायकल मार्गांचा विचार करणे त्यामुळे क्रमप्राप्त झाले.

दहा ते चाळीस लाख लोकसंख्येच्या शहरांसाठी या अभियानातील खर्चाची विभागणी निश्चित होती. केंद्राचा वाटा ५० टक्के, राज्याचा २० टक्के आणि उरलेले ३० टक्के महापालिकेचे. पुणे या गटात मोडत होते. म्हणजे दहा कोटी रुपयांच्या कामासाठी महापालिकेला स्वतःच्या तिजोरीतून तीन कोटी रुपये घालावे लागत. एवढ्या अनुकूल अटींवर मिळणारे काम नाकारण्याचे कारण कोणत्याही सभागृहाला दिसणार नाही, आणि पुण्यालाही दिसले नाही. २००६ च्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर जलद बससेवा, म्हणजे बीआरटी, सुरू झाली. या योजनेत बसच्या मार्गिकेबरोबरच कडेचे पदपथ आणि सायकल मार्ग यांचाही समावेश होता.

मात्र या विभागणीत एक गोष्ट सहज नजरेआड होते. ७० टक्के मदत होती ती बांधणीपुरती. मार्ग बांधून झाल्यावर उखडलेल्या फरशा बदलणे, बुजलेली पावसाळी गटारे मोकळी करणे, मोडलेले खांब पुन्हा बसवणे आणि चौकातील रंगाचे पट्टे वरचेवर मारणे हा सारा खर्च महापालिकेचाच होता. त्यात केंद्र वा राज्याचा हिस्सा नव्हता. अंदाजपत्रकाच्या भाषेत सांगायचे, तर बांधणी हा भांडवली खर्च आणि देखभाल हा महसुली खर्च. पहिल्याचे उद्घाटन करता येते, कोनशिला बसवता येते. दुसरा कोणाच्याच नावावर जमा होत नाही. त्यामुळे ३० टक्क्यांत मिळालेल्या मार्गाची १०० टक्के जबाबदारी शहरावर येते, हे निविदा काढताना फारसे कोणी बोलून दाखवत नाही.

पुढील काळात योजनांची नावे बदलली. रचना बदलली नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट सिटी अभियानात निवडलेल्या शहराला केंद्राकडून ५०० कोटी रुपये आणि तेवढीच रक्कम राज्य व शहर यांनी मिळून, असे सूत्र होते. पुण्यात औंध परिसरातील रस्त्यांची पुनर्रचना या अभियानात झाली. २०२० मध्ये केंद्रीय गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाने सायकलींना उत्तेजन देण्यासाठी शहरांची स्पर्धा घेतली आणि पुढच्या वर्षी निवडलेल्या ११ शहरांना प्रत्येकी एक कोटी रुपये देऊ केले. नागपूर आणि पिंपरी-चिंचवड यांचा त्यांत समावेश होता. एक कोटीत जाळे उभे राहत नाही. फार तर एखाद्या रस्त्याचा प्रयोग होतो. या सर्व मदतींचा गुण एकच आहे आणि दोषही तोच: त्या कामाला सुरुवात करून देतात.

आराखडा आणि त्याचे आकडे

या पार्श्वभूमीवर पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर केलेला सर्वंकष सायकल आराखडा महत्त्वाचा होता. एखाद-दुसऱ्या रस्त्याच्या ऐवजी संपूर्ण शहराचा विचार त्यात होता. सुमारे ८२४ किलोमीटरचे जाळे आणि अंदाजे ३३५ कोटी रुपयांचा खर्च असे त्याचे स्वरूप होते. जाळे म्हणजे सर्वत्र स्वतंत्र पट्टा, असे त्यात अपेक्षित नव्हते. मोठ्या रस्त्यांवर विलग मार्ग, मध्यम रस्त्यांवर रंगाने आखलेली मार्गिका आणि लहान रस्त्यांवर वाहनांचा वेग कमी करणे, असे निरनिराळे उपाय होते.

३३५ कोटी ही रक्कम ऐकायला मोठी वाटते, म्हणून ती मोजून पाहणे आवश्यक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे महापालिका हद्दीची लोकसंख्या ३१ लाख २४ हजारांच्या घरात होती. या हिशेबाने दरडोई खर्च सुमारे १,०७० रुपये येतो, आणि काम पाच वर्षांत विभागले तर वर्षाला दरडोई साधारण २१५ रुपये. दुसरी तुलना मेट्रोशी. डिसेंबर २०१६ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचा अंदाजित खर्च ११,४२० कोटी रुपये आणि लांबी सव्वाएकतीस किलोमीटर होती. सायकल आराखड्याचा संपूर्ण खर्च त्याच्या तीन टक्क्यांहूनही कमी भरतो. मेट्रोचा पैसा केवळ महापालिकेचा नाही आणि मेट्रोचे काम सायकल करू शकत नाही, हे खरेच. पण मेट्रोच्या स्थानकापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर प्रवाशाने कसे यावे, या प्रश्नाचे सर्वांत स्वस्त उत्तर सायकल हेच आहे. स्थानकापर्यंत येण्यासाठी दुचाकीच काढावी लागणार असेल, तर तीच दुचाकी पुढे कचेरीपर्यंत नेण्याचा मोह कोणाला होणार नाही?

आराखडा मंजूर झाला त्याच महिन्यात शहरात भाड्याच्या सार्वजनिक सायकलींचा प्रयोगही सुरू झाला. औंध आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात सुरुवातीला त्याला चांगला प्रतिसाद मिळाला आणि पाठोपाठ आणखी कंपन्या आल्या. परंतु या सायकली ज्यावरून चालवायच्या, ते जाळे तयार झालेले नव्हते. मोडतोड, चोरी आणि कंपन्यांची स्वतःची आर्थिक गणिते यांची त्यात भर पडली, आणि काही वर्षांतच रंगीत सायकली रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या. सायकल आधी आणि मार्ग नंतर, असा क्रम लावल्याने काय होते, याचा हा धडा होता.

त्याच सुमारास, २०१८ मध्ये, पुण्यातील नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली आणि तिने शहराच्या लोकसंख्येला मागे टाकल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. मार्च २०२२ मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतरची काही अंदाजपत्रके प्रशासकांच्या कारकिर्दीत झाली. नगरसेवक असोत वा प्रशासक, सायकल मार्गांसमोरील अडचण मात्र तीच राहिली.

तुटक मार्ग ओस का पडतात?

मार्ग बांधले तरी ते रिकामेच असतात, हा आक्षेप अनेकदा खरा असतो. त्याचे कारण समजण्यासाठी नेदरलँड्समधील एक जुना अनुभव पाहण्यासारखा आहे.

नेदरलँड्स हा आज सायकलींचा देश मानला जातो. परंतु १९५० आणि १९६० च्या दशकांत तेथेही मोटारींनी सायकलींना रस्त्यांवरून हटवले होते. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्ते अपघातांत सुमारे ३,३०० माणसे दगावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालकांनी मुलांचे हे बळी थांबवा अशी चळवळ उभारली, १९७३ च्या तेलसंकटाने तिला बळ दिले आणि सरकारला धोरण बदलावे लागले. १९७० च्या दशकाच्या मध्यास राष्ट्रीय सरकारने हेग आणि टिलबर्ग या दोन शहरांत आदर्श सायकल मार्ग बांधण्यासाठी पैसा दिला. मार्ग उत्तम होते. वापरणारे समाधानी होते. तरीही शहरांतील एकूण सायकल वापरात फारशी वाढ झाली नाही. शेजारच्या रस्त्यांवरून जाणारे सायकलस्वार तेवढे नव्या मार्गावर आले.

त्यानंतर १९८० च्या दशकात डेल्फ्ट शहरात वेगळा प्रयोग झाला. एकच देखणा मार्ग बांधण्याऐवजी संपूर्ण शहराचे जाळे पूर्ण करण्यात आले. जेथे मार्ग तुटत होता तेथे लहान पूल, बोगदे व जोडमार्ग देऊन सलगता साधली गेली. तेथे आधीच मोठे असलेले सायकलीचे प्रमाण आणखी वाढले. या दोन प्रयोगांतून निघणारा निष्कर्ष आपल्या नित्याच्या अनुभवाशी जुळणारा आहे. दूरध्वनी एकाच घरात असेल तर त्याचा उपयोग नाही. तसेच मार्ग घरापासून शाळेपर्यंत वा कामाच्या ठिकाणापर्यंत अखंड नसेल, तर त्यातील सुरक्षित तुकड्याला अर्थ उरत नाही. आई आपल्या मुलीला सायकलवर शाळेत पाठवायचे की नाही, हे वाटेतील सर्वांत धोकादायक चौक पाहून ठरवते. नऊशे मीटर सुरक्षित आणि शंभर मीटर जीवघेणे, असा मार्ग तिच्या दृष्टीने जीवघेणाच असतो.

स्पेनमधील सेव्हिल शहराने हाच धडा अल्पावधीत गिरवला. लोकसंख्या सात लाखांच्या आसपास, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार आणि सायकलीची परंपरा जवळजवळ नाही, असे ते शहर. २००६ नंतर तेथे सुमारे ८० किलोमीटरचे विलग आणि सलग जाळे एका दमात उभारण्यात आले; पुढे ते १२० किलोमीटरपर्यंत वाढले. एकूण खर्च सुमारे ३.२ कोटी युरो झाला. मार्गांसाठी मोटारी उभ्या करण्याच्या हजारो जागा काढून घेण्यात आल्या. शहराच्या मोजणीनुसार रोजच्या सायकल फेऱ्या सहा हजारांवरून सत्तर हजारांच्या घरात गेल्या. मात्र २०११ मध्ये शहरात सत्तापालट झाल्यानंतर विस्तार मंदावला आणि वाढही थबकली. सेव्हिलचे यश जितके बोलके आहे, तितकीच ही पुढची गोष्टही बोलकी आहे. जाळे एकदा बांधले की काम संपले, असे तेथेही झाले नाही.

खरी किंमत जागेची

पुण्यातील प्रमुख रस्त्यांवर जाऊन पाहिले, तर सायकल मार्गाच्या आड रुपयांपेक्षा जागा अधिक येते. एकेरी सायकल मार्गाची रुंदी किमान दोन मीटर असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष सांगतात. हे दोन मीटर कोठून आणायचे? पदपथातून घेतले, तर पादचारी रस्त्यावर उतरतात, आणि सायकलस्वाराचे संरक्षण वृद्धांच्या जिवावर होते. वाहनांच्या मार्गिकेतून घेतले, तर कोंडी वाढल्याची ओरड होते. उरते ती रस्त्याच्या कडेला फुकट उभ्या राहणाऱ्या वाहनांची जागा.

कडेला समांतर उभ्या केलेल्या मोटारीला पुढची-मागची मोकळी जागा धरून सुमारे सहा मीटर लांबी लागते. फाटके व वळणे वगळली, तर एक किलोमीटरच्या एका कडेला जेमतेम दीडशे मोटारी मावतात. त्या दीडशे मालकांची सोय आणि त्या रस्त्यावरून दिवसभर जाणाऱ्या सर्वांची सुरक्षितता, यांतून निवड करायची असते. ही निवड करणे सोपे नाही. दुकानदारांना ग्राहक तुटण्याची भीती वाटते आणि ती सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. काम चालू असेपर्यंतचे महिने छोट्या व्यापाऱ्याला खरोखरच जड जातात. हेगमध्येही व्यापाऱ्यांनी नव्या मार्गाला कडाडून विरोध केला होता. परंतु निवड करायचीच नाही असे ठरवले, तर ती आपोआप होते, आणि नेहमी मोटारीच्याच बाजूने होते.

पुण्यात या दोन विषयांचा संबंध कागदावर तरी जवळचा होता. सायकल आराखड्यानंतर तीनच महिन्यांनी, मार्च २०१८ मध्ये, रस्त्यावरील वाहनतळासाठी शुल्क आकारण्याचे धोरण मुख्य सभेपुढे आले. विरोध इतका झाला, की ते मोजक्या पाच रस्त्यांपुरते प्रायोगिक तत्त्वावर मर्यादित करण्यात आले आणि त्याचीही अंमलबजावणी रखडली. सायकल मार्गाला हात वर करून संमती देणे आणि वाहनतळाच्या शुल्काला विरोध करणे या दोन भूमिका एकत्र नांदू शकत नाहीत, कारण दोन्हींची मागणी एकाच दोन मीटरच्या पट्ट्यावर आहे.

आणखी एक प्रशासकीय पेच आहे. मार्ग महापालिकेचा पथ विभाग बांधतो. त्यावरील पथारी वा टपरी हटवणे अतिक्रमण विभागाचे काम. पण त्यावर उभ्या केलेल्या मोटारीवर कारवाई करायची ती वाहतूक पोलिसांनी, आणि पोलीस राज्याच्या गृह खात्याच्या अखत्यारीत येतात. महापालिका पैसा घालून जे बांधते, त्याचे रक्षण दुसऱ्या यंत्रणेच्या मर्जीवर अवलंबून राहते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २०११ मध्ये सायकल मार्ग आखला होता. रुंद, नियोजित रस्त्यांचा तो भाग. जागेची अडचण नव्हती. तरीही उभ्या वाहनांनी तो व्यापला.

आक्षेपांचे वजन

सायकल मार्गांविरुद्धचे आक्षेप उडवून लावण्यासारखे नाहीत. त्यांतील पहिला म्हणजे, सायकल चालवतेच कोण? २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग वगळता इतर कामगार कामावर कसे जातात, याची नोंद घेण्यात आली होती. देशभरात त्यांपैकी सुमारे १३ टक्के सायकलने जात होते. स्कूटर-मोटारसायकलने जाणाऱ्यांपेक्षा हे प्रमाण किंचित अधिकच होते. हा आकडा ग्रामीण भागासह आहे आणि तो जुना आहे, हे लक्षात घ्यावे लागेल. पुण्यासारख्या शहरात चित्र दुचाकींच्या बाजूने झुकले आहे. तरीही पहाटे वर्तमानपत्रे टाकणारी मुले, रात्रपाळी संपवून परतणारे सुरक्षारक्षक, बांधकामावरचे गवंडी आणि शाळकरी विद्यार्थी आजही सायकलीवर आहेत. त्यांच्या प्रवासाच्या वेळा वेगळ्या असल्यामुळे कचेरीच्या वेळेस रस्त्यावर असणाऱ्या मोटारचालकाला ते दिसत नाहीत. सभागृहाच्या प्रेक्षक कक्षात येऊन बसणेही त्यांना परवडत नाही. सायकल मार्ग हा हौशी मंडळींचा लाड आहे, असा समज पसरतो तो यामुळेच.

दुसरा आक्षेप अग्रक्रमाचा. पाणी, कचरा, सांडपाणी यांचे प्रश्न उभे असताना सायकलींवर खर्च कशाला? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांतच शोधले पाहिजे. सायकल मार्गाचा पैसा साधारणपणे पाण्याच्या शीर्षातून येत नाही, रस्त्यांच्या शीर्षातून येतो. तुलना करायची तर ती उड्डाणपूल व रस्ता रुंदीकरण यांच्याशी करावी लागेल. चेन्नई महापालिकेने २०१४ मध्ये पादचारी व सायकलस्वारांसाठी स्वतंत्र धोरण स्वीकारून वाहतुकीच्या तरतुदीपैकी किमान ६० टक्के रक्कम या कामांसाठी ठेवण्याचे उद्दिष्ट घेतले, ते याच विचाराने.

तिसरा आक्षेप अरुंद रस्त्यांचा. पुण्याच्या पेठांतील गल्ल्यांमध्ये दोन मीटरचा स्वतंत्र पट्टा काढणे शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. तेथे वाहनांचा वेगच मर्यादित ठेवला, की सायकल सुरक्षित होते. त्या कामाला पट्ट्याच्या तुलनेत अत्यल्प खर्च येतो. विलग मार्गाची गरज असते ती वाहने वेगाने धावणाऱ्या रुंद रस्त्यांवर.

चौथा आक्षेप फारसा घेतला जात नाही, पण तो घ्यायला हवा. सायकल मार्ग या नावाखाली होणारे प्रत्येक काम वाहतुकीसाठी असतेच असे नाही. मुंबईत पवई तलावाच्या काठाने आखलेला सायकल व पायी फिरण्याचा मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. तलाव, टेकडी वा नदीकाठ येथे जागा सहज मिळते, मोटारचालक रागावत नाहीत आणि छायाचित्रेही सुरेख येतात. पण तेथे सुटीच्या दिवशी फेरफटका मारणारे येतात. कामावर जाणारा गवंडी नाही. मोकळी जागा आहे म्हणून मार्ग आणि अडचण आहे म्हणून मुख्य रस्त्याला वगळणे, हा क्रम उलटा आहे.

वाटा कोणत्या अटींवर?

या सर्वांवरून शहराने काय करावे? सायकल मार्गांच्या खर्चात महापालिकेने आपला वाटा उचलावा, हे उत्तर देता येते. पण त्याला काही अटी जोडाव्या लागतील.

पहिली अट सलगतेची. शहरभर विखुरलेल्या दहा तुकड्यांवर पैसा घालण्यापेक्षा एकाच भागातील शाळा, बसस्थानक आणि मेट्रो स्थानक यांना जोडणारे छोटे पण पूर्ण जाळे आधी उभारावे. प्रत्येक नगरसेवकाला आपल्या प्रभागात थोडेसे काम हवे असते आणि निधी त्यामुळे वाटला जातो. रस्त्यावरच्या दिव्यांच्या बाबतीत अशी वाटणी चालते; सायकल मार्गाच्या बाबतीत ती मारक ठरते.

दुसरी अट चौकांची. फरशांचा पट्टा चौकाच्या अलीकडे संपवणे ही आपल्याकडील सर्वसाधारण पद्धत आहे. सायकलस्वाराला धोका असतो तो नेमका तेथेच. ज्या पूर्वगणनपत्रकात चौकाची रचना आणि सिग्नलची वेळ यांचा खर्च धरलेला नाही, ते परत पाठवण्याचा अधिकार स्थायी समितीने वापरला पाहिजे.

तिसरी अट देखभालीची. मार्गाच्या मंजुरीबरोबरच पुढील किमान दहा वर्षांच्या देखभालीचा अंदाज मांडला जावा आणि त्यासाठी महसुली खर्चात स्वतंत्र शीर्ष असावे. ठेकेदाराच्या दोषदायित्वाचा कालावधी संपला की मार्ग अनाथ होतो. त्या दिवसानंतरचा पैसा कोठून येणार, हे आधी सांगता आले पाहिजे. याच शीर्षाला वर्गीकरणापासून संरक्षण हवे. वर्गीकरण म्हणजे एका कामासाठी ठेवलेली तरतूद वर्षाच्या मध्यात दुसऱ्या कामाकडे वळवणे. ज्या कामामागे बलवान पाठीराखा नसतो, त्याचा पैसा सर्वप्रथम वळवला जातो.

चौथी अट अंमलबजावणीची. ज्या मार्गावर महापालिका खर्च करणार आहे, त्यावर वाहने उभी राहू दिली जाणार नाहीत, असे वाहतूक पोलिसांकडून लेखी घेतल्याखेरीज काम सुरू करू नये. रस्ता खणणाऱ्या इतर यंत्रणांनाही, जलवाहिनी असो वा विजेची तार, खोदाईनंतर मार्ग पूर्ववत करणे बंधनकारक असावे.

पाचवी अट मोजणीची. मार्ग होण्यापूर्वी आणि झाल्यावर दरवर्षी तेथून किती सायकली जातात, त्यांत महिला किती आणि शाळकरी मुले किती, हे मोजून जाहीर करावे. महिला आणि मुले यांची संख्या वाढली, तर मार्ग सुरक्षित झाला असे खुशाल समजावे. ती वाढली नाही, तर दोष कोठे आहे ते शोधता येईल. मोजणी नसल्यामुळेच आपल्याकडील वाद दरवर्षी पहिल्या वाक्यापासून सुरू होतो.

या अटी पाळायच्या तर कामाचा वेग सुरुवातीला कमी होईल. ८२४ किलोमीटरच्या ऐवजी पहिल्या काही वर्षांत वीस-पंचवीस किलोमीटरच हाती लागतील. पण ते अखंड असतील आणि त्यांवरून माणसे जात असतील. अटी पाळण्याची तयारी नसेल, तर केंद्राचे अनुदान मिळते म्हणून आपला ३० टक्के हिस्सा घालणे ही काटकसर ठरत नाही. अशा मार्गाचे ओसाडपण पुढे प्रत्येक नव्या प्रस्तावाविरुद्ध पुरावा म्हणून वापरले जाते, आणि सायकलीवरून जाणारा माणूस होता तेथेच, बस आणि डंपर यांच्या मधल्या फटीत राहतो.

मिळकतकर भरणाऱ्या नागरिकाला या निर्णयात लक्ष घालण्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. अंदाजपत्रक महापालिकेच्या संकेतस्थळावर उपलब्ध असते. त्यात सायकल मार्गांच्या बांधणीसाठी किती रक्कम आहे, हे सर्वांनाच दिसते. त्याच अंदाजपत्रकाच्या महसुली भागात या मार्गांच्या देखभालीसाठी किती रक्कम ठेवली आहे, हे शोधावे आणि ती सापडली नाही, तर आपल्या प्रभागाच्या प्रतिनिधीला त्याचे कारण विचारावे. मार्ग होणार की नाही, यापेक्षा तो पाच वर्षांनी रस्त्यावर असेल की नाही, याचे उत्तर त्या आकड्यात मिळते.